एका चौकोनातला सातारा

(दृश्य: कास पठार, सप्टेंबर. कॅमेरा जमिनीलगत सरकतो.)

निवेदन: जांभा खडकावर बोटभर माती, त्या मातीत साचलेलं पाणी आणि पाण्यातून वर आलेली निळी-जांभळी सीतेची आसवं. ही वनस्पती शिकारी आहे. इथल्या मातीत नत्र फारसं नाहीच; मग देठाखालच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडायचे आणि त्यावर भागवायचं. पलीकडच्या डबक्यात वायतुरा आहे. पाऊस सरला की तो वरून नाहीसा होतो, कंद मात्र चिखलाखाली तग धरून राहतो. पश्चिम घाटातल्या मोजक्या सड्यांखेरीज, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांखेरीज, हा वायतुरा जगात कुठेच नाही.

२०१२ साली कास जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून सप्टेंबरात इथे फुलांपेक्षा मोबाईल जास्त दिसतात. असो. आपला प्रश्न वेगळा आहे: पन्नास वर्षांनी या डबक्यांत काय उगवेल?

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीचा गोल, त्यावर चौकोनांची जाळी.)

निवेदन: याचं उत्तर हवामानाच्या मॉडेलकडे मागितलं जातं. मॉडेल म्हणजे हवा, समुद्र, जमीन आणि बर्फ यांची भौतिकशास्त्राची समीकरणं. पृथ्वीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात ती सोडवत पुढे जायचं. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ साली याहून फार साध्या मॉडेलवर हिशेब मांडला होता: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल. मनाबेंना २०२१ साली नोबेल मिळालं. आज पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, आपलं स्वतःचं मॉडेल आहे आणि जागतिक तुलनेत त्याचीही आकडेमोड धरली जाते. पृथ्वी किती तापेल हा मोठा हिशेब मॉडेलांना चांगला जमतो, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही.

अडचण चौकोनाच्या आकाराची आहे. जागतिक मॉडेलांत त्याची बाजू साधारण शंभर किलोमीटर असते, काहींत त्याहून मोठी. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार चौरस किलोमीटर. अख्खा सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा!

(दृश्य: पसरणीचा घाट. वर धुकं, खाली वाईत ऊन.)

निवेदन: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून वाईत या, अंतर बत्तीस-तेहतीस किलोमीटर, तर हजार मिलिमीटरही मुश्किलीने. माण तालुक्यात आणखी कमी. मॉडेलच्या चौकोनात मात्र या सगळ्यांना एकच पाऊस. सह्याद्रीचा कडा तिथे सपाट होऊन नुसता उतार उरतो. जो कडा ढग अडवतो तोच मॉडेलला दिसत नसेल, तर कासच्या डबक्याबद्दल ते काय बोलणार?

म्हणून दुसरी पायरी. मोठ्या मॉडेलच्या आत बारीक जाळीचं प्रादेशिक मॉडेल बसवतात, किंवा जुन्या पर्जन्यमापकांच्या नोंदी लावून आकडे गावपातळीवर आणतात. मग येतात वनस्पतीच्या नोंदी: ती कुठे सापडली, तिथलं तापमान किती, पाऊस किती. तसंच हवामान २०७० मध्ये कुठे असेल, तो भाग नकाशावर रंगवायचा.

(दृश्य: महाबळेश्वर, विल्सन पॉइंट.)

निवेदन: या नकाशात कासचं दुखणं कळतं. हवा तापली की डोंगरावरच्या वनस्पतींना गारव्यासाठी वर सरकावं लागतं. कास सुमारे बाराशे मीटरवर आहे. आसपासची सर्वांत उंच जागा म्हणजे हा विल्सन पॉइंट, १,४३९ मीटर. उरले दोनशे चाळीस मीटर. उंचीसोबत हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे हातात फक्त दीड अंश. उत्सर्जन मध्यम राहिलं तर शतकाअखेर जगाचं तापमान औद्योगिक युगाआधीपेक्षा २.७ अंशांनी वाढेल, असा आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा २०२१ चा सर्वोत्तम अंदाज आहे. त्यातले १.१ अंश २०११ ते २०२० या दशकापर्यंतच होऊन गेले होते, तेव्हा राहिले होते १.६. जगाची सरासरी साताऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरं. पण गणित अंगावर येतं. शिवाय वर जायचं म्हटलं तरी वर जांभ्याचा उघडा सडा हवा. तिथे झाडी आहे आणि हॉटेलं आहेत.

(दृश्य: पठारावर चरणारी गुरं, मग पाऊस.)

निवेदन: पाऊस एकूण किती, यापेक्षा तो कसा पडतो, यावर इथलं सगळं चालतं. उष्ण हवेत अंशामागे सात टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. बोटभर मातीला तो सोसत नाही. उघडीप लांबली तर डबकं आटतं. वर्षाची सरासरी मात्र दोन्ही वेळी ठीकच दिसते! आणि गुरांचं काय? चराई थांबली की गवत माजतं, खालच्या फुलांना ऊन मिळत नाही, असं इथले लोक सांगतात. हे कुठल्याच हवामान मॉडेलमध्ये नाही.

(दृश्य: टोपली कारवीची हिरवी, बिनफुलांची झुडपं.)

निवेदन: टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात, त्यात हिचे बहर जेमतेम चार. चार आकड्यांवर कोणतं मॉडेल तपासणार? कास, एकीव, आटाळी, कासाणीतली माणसं दर हंगामात पठारावर असतातच. कोणतं फूल कोणत्या तारखेला उमललं, डबकं कधी आटलं, हे त्यांच्या वहीत उतरलं, तर पुण्यातल्या मॉडेलला पडताळ्यासाठी काहीतरी मिळेल. त्याला उपग्रह लागत नाही. वही लागते, आणि लिहिणाऱ्याला मजुरी.