वही कुणाला दाखवायची?

[फलटणची बाजारपेठ. वाणसामानाचं एक दुकान. कागदाची पुडी बांधणारे हात.]

साखर, डाळ, शेंगदाणे बांधून द्यायला पूर्वी दुकानात रद्दी यायची. जुनी वर्तमानपत्रं, फाटकी मासिकं. फलटणमधल्या एका दुकानात पुडी बांधायच्या आधी तो कागद वाचला जायचा. गिऱ्हाईक नसलं की बेबीताई कांबळे रद्दीतला कागद न् कागद वाचून काढायच्या.

१९२९ साली पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात त्यांचा जन्म झाला. लग्न तेराव्या वर्षी. संसाराला हातभार म्हणून नवराबायकोनं आधी सुटी द्राक्षं विकली, मग भाजीपाला, आणि पुढे किराणा दुकान टाकलं. वाचता वाचता बेबीताई लिहायलाही लागल्या. महारवाड्यातलं जिणं, तिथल्या बाया, त्यांची बाळंतपणं, उपासमार, देवदेवस्की, आणि मग बाबासाहेबांच्या हाकेनं उठलेली माणसं. लिहिलेलं त्या घरात कुणाचा हात जाणार नाही अशा जागी ठेवून द्यायच्या.

हे लपवणं एकदोन महिने चाललं नाही. वीस वर्षं चाललं.

[बंद वही. पिवळी पडलेली पानं.]

भीती कुणाची होती? घरच्यांची, आणि सगळ्यात आधी नवऱ्याची. बाईमाणसानं लिहायचं, हे त्या काळच्या घरात खपणारं नव्हतं. आपण म्हणतो, ‘लोक काय म्हणतील?’ पण यातले ‘लोक’ बहुतेक वेळा आपल्याच पंगतीला बसणारे असतात. परक्या वाचकानं नावं ठेवली तर दोन दिवस वाईट वाटतं. घरच्यानं वही भिरकावली तर माणूस पुन्हा लिहायलाच धजत नाही.

बेबीताईंची वही उघडायला कारण झाल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन. मूळच्या अमेरिकेच्या. भाषेच्या अभ्यासासाठी आल्या आणि फलटणच्याच होऊन गेल्या. पुढे तिथं त्यांनी मुलांची शाळा उभी केली. बेबीताई काहीतरी लिहितात हे त्यांना कळलं, आणि हे छापून आलं पाहिजे असं त्यांनी मनापासून सांगितलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात हे लेखन क्रमशः येऊ लागलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. तोवर बेबीताईंनी पन्नाशी ओलांडली होती.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला क्षण. लिहिलेलं छापखान्यात जायच्या आधीचा, एका माणसानं ते वाचण्याचा. धाडस म्हणजे एकट्यानं छाती पुढे काढून उभं राहणं, असं आपल्याला वाटत असतं. बेबीताईंच्या बाबतीत लिहिण्याचं धाडस त्यांचं एकटीचंच होतं, त्यात कुणाचा वाटा नाही. पण दाखवण्याचं धाडस यायला समोर कुणीतरी लागलं. थट्टा न करता, घाई न करता वाचणारं एक माणूस.

[आसोद्याकडचा रस्ता. कपाशीची शेतं. जातं.]

खानदेशात बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत तर वहीही नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली जमतील तेवढी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली.

तीही संकोचतच. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, तरी एका अशिक्षित, खेड्यातल्या बाईची गाणी शिकल्यासवरल्या लोकांना रुचतील का, ही धास्ती त्यांना होती. अत्र्यांनी वाचलं आणि हे बावनकशी सोनं आहे म्हणाले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. आज शाळकरी पोरंही त्या ओळी पाठ म्हणतात. पण ज्या बाईच्या तोंडून त्या निघाल्या, तिला हे बघायला मिळालं नाही. याची चुटपुट मला तरी अजून लागते.

[रात्र. फोनच्या उजेडात एक चेहरा. स्क्रीनवर मराठी ओळी टाइप होताना.]

आता वही फोनमध्ये आली आहे. कुणी स्वतःलाच मेसेज पाठवून कविता साठवतं. कुणी चित्राचा फोटो काढतं, पोस्टवर ‘ओन्ली मी’ करून ठेवतं, आणि अधूनमधून आपलं आपणच उघडून बघतं. छापायला संपादक लागत नाही, पोस्टाचं तिकीट लागत नाही. एका बोटाचं काम. तरीही ते बोट अडतं, कारण बटण दाबलं की कॉलेजातले सर, ऑफिसातली मंडळी, गावाकडची आत्या आणि ओळखदेख नसलेली हजार माणसं, सगळी एकदमच वाचायला येतात. मासिकाच्या काळात वाचक दूर असायचा. आता तो सकाळी जिन्यात भेटतो आणि विचारतो, ‘काय, सगळं ठीक ना?’

आणखी एक भीती भाषेची. माझी बोली गावंढळ वाटेल, शुद्धलेखन चुकेल. मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत सुचलेली ओळ मग पुस्तकी मराठीत ओतली जाते, आणि तिचा जीव तिथेच जातो. बहिणाबाईंच्या ओळी छापताना त्यांची बोली बोलीच राहू दिली, म्हणून त्या आज इतक्या ताज्या लागतात.

सगळ्या जगाला एकदम दाखवायची सक्ती कुणी केलेली नाही. इन्स्टाग्रामवर ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी करता येते; त्यात दोनच नावं घातली तरी चालतात. यूट्यूबवर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवता येतो. ज्याला लिंक द्याल तो बघेल. आणि टोपणनाव तर मराठी कवितेच्या घरचंच. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, ग्रेस. या नावांमागे कुणी भित्रं होतं, असं कोण म्हणेल?

फक्त तो पहिला वाचक नीट निवडायला हवा. ‘छान’ म्हणून अंगठा दाखवणारा नको आणि पहिल्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घ काढणाराही नको. ज्याला त्या लिखाणात काय आहे ते शोधायची ओढ आहे, असा हवा. तो घरातच असेल असं नाही. बेबीताईंना तो सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईत भेटला.

[‘जिणं आमुचं’चं मुखपृष्ठ.]

या पुस्तकाबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. ते आत्मकथन म्हणून ओळखलं जातं, पण बेबीताईंनी त्यात स्वतःच्या संसारातलं दुखणं जवळजवळ लिहिलंच नाही. वस्तीचं लिहिलं, जातीच्या जाचाचं लिहिलं, सासुरवाशिणींचे हाल अंगावर येतील इतके सविस्तर लिहिले. घरात स्वतः खाल्लेला मार मात्र बाजूला ठेवला. आपल्या माणसांचं दुःख त्यांना आधी सांगायचं होतं. हे मला भित्रेपण वाटत नाही. काय दाखवायचं हे ठरवताना काय राखून ठेवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. मनातलं मांडायचं म्हणजे सगळंच चव्हाट्यावर आणायचं, असा समज आज फार फोफावला आहे. त्या धाकानंच कितीतरी जण गप्प बसतात.

२००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला. त्याला जोडून बेबीताईंची एक मुलाखत आहे. तिच्यात माया पंडित त्यांना नवऱ्याबद्दल विचारतात, आणि पुस्तक निघून वीसेक वर्षं उलटल्यावर बेबीताई तेही सांगतात: संशय, मार, आणि वह्या का लपवल्या ते.