फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवायचं नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ऑफिसच्या ईमेलबद्दल. सकाळी खुर्चीवर बसलं की आपण ती पेटी उघडतो आणि डबा खायची वेळ झाली तरी तिच्यातून डोकं वर निघत नाही. दिवसभर काय केलंस असं घरी कुणी विचारलं, तर "मेल बघितले" याखेरीज सांगण्यासारखं काही नसतं. यावर एक उपाय आहे, पण तो माझा नव्हे. तो आमच्या आवकवाल्या, म्हणजे कचेरीत आलेलं टपाल घेणाऱ्या, काकांचा आहे, आणि तो सांगेपर्यंत काकांनी कीबोर्डला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. तेव्हा आधी काका.

मी एका जिल्ह्याच्या गावी सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले, तेव्हा टपाल अजून पाकिटांतूनच यायचं. दाराजवळच्या टेबलावर काका बसायचे. समोर आवक नोंदवही, शाईचा पॅड, गोल शिक्का, स्टीलची पट्टी आणि टाचण्यांसाठी श्रीखंडाची रिकामी डबी. टपाल फुटायचं सकाळी ११ला आणि दुपारी ४ला. मधे पोस्टमन येवो की दुसऱ्या कचेरीचा शिपाई, काका पोच द्यायचे आणि म्हणायचे, "ठेव ट्रेमध्ये." वर लाल शाईत 'तात्काळ' असेल तेवढंच लगेच हातात घ्यायचे.

त्यांचं टपाल फोडणं बघत राहावं असं होतं. पाकीट खिडकीच्या उजेडाकडे धरायचं, टेबलावर दोनदा आपटून आतला कागद एका अंगाला करायचा, मग पट्टी घालून वरची कड सरळ फाडायची. पाकीट उलटं करून झटकायचं. टाचणी डबीत. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं त्या त्या टेबलाचं नाव, म्हणजे पत्र 'मार्क' झालं. की पुढचं पाकीट. पत्र वाचत बसणं नाही, "बघा हो काय लिहिलंय" म्हणत शेजारच्याला दाखवणं नाही.

मग कचेरीत इंटरनेट आलं, आणि सगळ्यांत नवी म्हणून ईमेलचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, बढतीच मिळाली! टिंग वाजलं की मी मेल उघडायची. परत टिंग, परत उघडायची. दिवसभर मी इतकी कामात दिसायचे की चहासुद्धा जागेवर यायचा. (तो चहा तेव्हा काचेच्या ग्लासात यायचा. आता कागदी कपात येतो आणि दुसऱ्या घोटाला कपाची चव लागते, पण ते असो.)

डिसेंबरचे दिवस. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू. अधिवेशनाच्या काळात कचेऱ्यांची काय धांदल असते, ते सरकारी नोकरांच्या घरच्यांनाही पाठ असतं. सकाळी पावणेअकराला मेल आला. तारांकित प्रश्न, म्हणजे आमदारानं विचारलेला आणि मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, माहिती दुपारी २ पर्यंत पाठवा. मी उघडला, वाचला. मनात म्हटलं, हे आस्थापना शाखेचं दिसतंय, सांगते जरा वेळानं. तेवढ्यात टिंग. उघडलेल्या मेलची ठळक अक्षरं बारीक होतात ना, तशी याची झाली. वरून नवे मेल येत गेले आणि हा खाली सरकत सरकत पडद्याबाहेर गेला. साडेतीनला साहेबांना थेट नागपूरहून फोन. त्यानंतर साहेब मला जे बोलले, ते रेडिओवर सांगता येणार नाही.

संध्याकाळी काका स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "दाखव बरं, तुझं टपाल येतं कसं?" मी दाखवलं. हात मागे बांधून पंधरा मिनिटं ते नुसते बघत होते. मग म्हणाले, "यातली बंद पाकिटं कुठली आणि फोडलेली कुठली?"

मी म्हटलं, "काका, ठळक अक्षरं ती बंद, बारीक ती फोडलेली."

"मग फोडलेली इथंच का पडलीत गं?"

मला काही बोलता येईना.

"हे बघ पोरी, फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवायचं नाही. फोडलं की मार्क झालं पाहिजे. मार्क करायला सवड नसेल, तर फोडायचंच नाही."

श्रोतेहो, परत सांगते. फोडलं की मार्क झालं पाहिजे. मेल उघडला की त्याचं काय ते तिथल्या तिथे ठरवा. दोन ओळींचं उत्तर असेल तर देऊन मोकळे व्हा. दुसऱ्याचं असेल तर त्याच्याकडे धाडा. वेळ लागणारं असेल तर आजच्या कामांत लावा. पण वाचून "बघू नंतर" म्हणून तिथंच सोडू नका. न उघडलेला मेल निदान ठळक अक्षरांत डोळ्यांसमोर तरी राहतो.

आता लावायचं कुठे? आपल्याकडच्या कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत आहे, ती सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. आज करायची प्रकरणं. प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण लिहिलंय आणि उत्तराची वाट आहे ती. नियतकालिकं, म्हणजे ठरल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रं. स्थायी आदेश. अभिलेख कक्षात पाठवायची. आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. काकांनी मला त्याच रात्री मेलमध्ये हे सहा कप्पे करायला लावले. त्यातले दोन तर कंपनीनं आधीच करून ठेवलेले असतात, आपण वापरत नाही इतकंच. जीमेलमधलं 'आर्काइव्ह' म्हणजे अभिलेख कक्ष. मेल समोरून हलतो, नष्ट होत नाही, शोधला की सापडतो. आणि कचऱ्याची पेटी म्हणजे सहावा गठ्ठा. तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप जातो.

मला विचाराल तर यातला प्रतीक्षाधीनचा कप्पा सगळ्यांत मोलाचा. लोक आलेले मेल मोजतात, पण आपण विचारलेलं कुणी कळवलंच नाही, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मी दर शुक्रवारी तो कप्पा उघडते आणि स्मरणपत्रं धाडते.

दुसरं, वेळ. काकांचं ११ आणि ४. तुमचं दहा, एक आणि पाच असेल, पण वेळ ठरवा आणि ते टिंग बंद करा. सेटिंगमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ज्याला खरंच तातडी आहे तो फोन करतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. हो, तुमचं कामच ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं असेल तर हे जमणार नाही, तुम्हाला पेटी उघडीच ठेवावी लागेल.

तिसरं, सीसी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. टाइपरायटरवर पाच प्रती काढताना पाचवी इतकी पुसट यायची की ती कुणाच्या माथी मारायची यावर विचार व्हायचा. आता वीसजणांना प्रत जाते आणि त्यातले दहाजण सगळ्यांना "ओके सर" म्हणून उत्तर देतात! मी एक नियम लावून टाकलाय. ज्या मेलमध्ये माझी नुसती सीसी आहे, तो आपोआप 'माहितीसाठी' अशा वेगळ्या कप्प्यात जातो. तो कप्पा मी दिवसातून एकदा, चहा पिता पिता बघते.

आणि कृपा करून विषयाची ओळ लिहा हो. 'महत्त्वाचे' हा काय विषय झाला? आपली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. तिच्यात शब्दाला पैसे पडायचे, म्हणून आजारपण, लग्न, बदली, सगळं मोजक्या शब्दांत बसायचं. मेलला शब्दामागे एक रुपया लावला असता, तर माझी निम्मी नोकरी वाचली असती. लग्नपत्रिकांवरच्या मजकुरालाही लावायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा. काका 'विषय' आणि 'संदर्भ' नसलेलं पत्र दोन बोटांत धरून परत धाडायचे. मेल तसा परत धाडता येत नाही, पण उत्तर देताना मी विषय स्वतः बदलून लिहिते : 'जूनचा खर्च, मंजुरी हवी, शुक्रवारपर्यंत.' चार महिन्यांनी शोधताना तोच हाताला लागतो.

काका निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नातवानं त्यांना मेलचा पत्ता काढून दिलाय. गेल्या महिन्यात त्यांचा मेल आला. विषय : तब्येतीबाबत. संदर्भ : आपला रविवारचा दूरध्वनी. खाली एकच ओळ. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, गुडघा बरा आहे.'

आला होता पावणेबाराला. मी फोडला चारला, आणि उत्तर लिहूनच उठले.