चोवीस सेकंद: सिराक्यूजचा १९५४-५५चा हंगाम

(दृश्य: मिनियापोलिसचं जुनं सभागृह, कृष्णधवल चित्रं. गर्दीचा आवाज हळूहळू वाढतो.)

२२ नोव्हेंबर १९५०. सात हजारांवर माणसं तिकीट काढून आत बसली आहेत. सामना बास्केटबॉलचा. यजमान मिनियापोलिस लेकर्सकडे जॉर्ज मायकन आहे. सहा फूट दहा इंच उंच, त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. बास्केटखाली त्याला अडवणं पाहुण्या फोर्ट वेन पिस्टन्स संघाला जमणारं नाही. मग त्यांनी ठरवलंय की चेंडू त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही.

पिस्टन्सचा खेळाडू चेंडू हातात धरून उभा राहतो. नुसता उभा. मिनिटं सरतात. प्रेक्षक ओरडतात, पाय आपटतात. पंच काही करू शकत नाहीत, कारण चेंडू किती वेळ धरून ठेवायचा यावर नियमात बंधनच नाही.

फोर्ट वेन १९, मिनियापोलिस १८. अठ्ठेचाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून फक्त आठ बास्केट. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे.

एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, ते कोवळं वय होतं. त्यानंतर इतक्या थराला कुणी गेलं नाही, पण रोग तोच राहिला. आघाडी मिळाली की वेळ काढायचा. मागे पडलेल्या संघाने चेंडू मिळवण्यासाठी फाउल करायचा, मग फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक, मग पुन्हा फाउल. मार्च १९५३मध्ये बोस्टन आणि सिराक्यूजचा बादफेरीतला सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यात १०६ फाउल झाले. बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले, त्यातले ३० फ्री थ्रोचे. पराक्रम खराच, पण लोक पळापळ बघायला येत होते, रांगेत उभं राहून टाकलेले फ्री थ्रो बघायला नाही.

(दृश्य: बोलिंग अ‍ॅली. लाकडी पट्टीवरून घरंगळत जाणारा जड गोळा, कोसळणाऱ्या पिना.)

सिराक्यूज हे न्यूयॉर्क राज्यातलं मध्यम आकाराचं शहर. तिथल्या नॅशनल्स संघाचा मालक डॅनी बायसोन. जन्म इटलीतला, लहानपणी अमेरिकेत आलेला, आणि पोट बोलिंग अ‍ॅलीवर चालणारं. गिऱ्हाईक कंटाळलं की उठून जातं, हे त्याला रोजच्या धंद्यातून ठाऊक होतं. मला वाटतं, म्हणूनच हा प्रश्न त्याने खेळाडूच्या नाही, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने सोडवला.

त्याचं गणित कुणालाही समजेल असं होतं. जे सामने रंगले, त्यांत दोन्ही संघ साधारण साठ-साठ वेळा बास्केटवर चेंडू टाकत. म्हणजे १२० प्रयत्न. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२०. चोवीस. म्हणजे चेंडू हाती आला की चोवीस सेकंदांत संघाने तो बास्केटवर टाकलाच पाहिजे.

ऑगस्ट १९५४मध्ये सिराक्यूजच्या एका शाळेच्या जिममध्ये त्याने इतर मालकांसमोर या नियमाने सराव सामना खेळवून दाखवला. सुरुवातीला खेळाडू घायकुतीला आले. चेंडू हातात आला रे आला की टाकून मोकळे. चोवीस सेकंद केवढे असतात, हे त्यांना खेळूनच कळलं. त्याच हंगामापासून नियम लागू झाला, आणि जोडीला प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाच्या फाउलवरही मर्यादा आली.

आदल्या वर्षी एका संघाचे सामन्यामागे सरासरी ७९.५ गुण होत. या वर्षी ९३.१ झाले. बोस्टनने तर शंभरी ओलांडली.

तरी हंगाम सुखाचा नव्हता. मायकन निवृत्त झाला होता. बाल्टिमोर बुलेट्स चौदा सामने खेळून नोव्हेंबरमध्येच बंद पडले. पैसाच उरला नव्हता. लीगमध्ये आठ संघ राहिले.

(दृश्य: अर्ल लॉइडचं छायाचित्र. कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर.)

सिराक्यूजच्या संघातल्या या माणसापाशी थोडं थांबायलाच हवं. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी, वॉशिंग्टनकडून खेळताना, अर्ल लॉइड एनबीएच्या सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्या काळी एका हॉटेलच्या भोजनगृहात त्याला बसू दिलं नाही, तेव्हा प्रशिक्षक बोन्स मॅकिनी त्याच्या खोलीत येऊन त्याच्यासोबत जेवले. लॉइड ते आयुष्यभर विसरला नाही. आता नॅशनल्सकडे तो समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक माणूस रोखायचा, चेंडू हिसकावायचा, आणि संघाच्या मुख्य खेळाडूला, डॉल्फ शेझला, मोकळेपणी गुण करू द्यायचा.

अंतिम फेरीत समोर आला फोर्ट वेन. तोच, १९-१८वाला. दोघांचीही साखळीतली कामगिरी सारखीच, ४३ विजय आणि २९ पराभव. फोर्ट वेनचं स्वतःचं सभागृह एका बोलिंग स्पर्धेला गेलेलं, म्हणून त्यांचे घरचे सामने इंडियानापोलिसमध्ये झाले. यजमान प्रत्येक वेळी जिंकत गेले. सहा सामन्यांनंतर तीन-तीन.

१० एप्रिल १९५५. सिराक्यूज. सातवा सामना.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये फोर्ट वेनकडे १७ गुणांची आघाडी. वर्षभरापूर्वी अशी आघाडी घेऊन कुणी चेंडू धरून उभं राहिलं असतं आणि सामना तिथेच संपला असता. आता दर चोवीस सेकंदांनी चेंडू टाकावाच लागणार. सिराक्यूज एकेक बास्केट करत जवळ येतं. ९१-९१.

बारा सेकंद बाकी. जॉर्ज किंगचा फ्री थ्रो आत जातो. ९२-९१.

फोर्ट वेन शेवटची चढाई करतं. चेंडू अँडी फिलिपच्या हातात आहे, आणि किंग त्याच्या अंगाशी येऊन तो हिसकावून घेतो.

(भोंगा वाजतो. पडदा काळा.)