फांदी आधीच पोखरलेली होती

श्रोतेहो, नमस्कार.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. या म्हणीत कावळ्याची निर्दोष सुटका होते, ते ठीकच आहे. पण फांदी मोडली कशी, हे कुणीच विचारत नाही. आज मला त्या फांदीविषयी बोलायचं आहे.

जमैका बेटाच्या किनाऱ्यालगत प्रवाळांचे मोठे पट्टे होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथला निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आलं आणि उरलेल्या जागेत शेवाळाचं रान माजलं. दोष द्यायला एक वादळ आयतंच हाताशी होतं, १९८०चं ॲलन चक्रीवादळ.

गंमत अशी, की वादळानंतर प्रवाळ सावरू लागले होते. पडझड झालेल्या जागी नवे प्रवाळ रुजत होते. वादळं त्यांना काही नवीन नाहीत. खरा घाव बसला तो १९८३ मध्ये. सी-अर्चिन नावाचा एक काळा, लांब काट्यांचा प्राणी तिथे खडकांवरचं शेवाळ खरवडून खात असे. त्याला कसलासा रोग जडला आणि साधारण वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले बहुतेक अर्चिन मेले. शेवाळाला अडवणारं कुणी उरलं नाही.

म्हणजे दोषी रोग? तोही कावळाच. शेवाळ खाणारे मासेही तिथे होते, पॅरटफिशसारखे, चोचीसारख्या तोंडाचे. बेसुमार मासेमारीने ते कित्येक वर्षं आधीच संपत आले होते. त्यांचं काम अर्चिनांनी उचललं, म्हणून वरवर काहीच बिघडलेलं दिसलं नाही. घरात दोघं कमावती असली की एकाची नोकरी गेली तरी चूल पेटते. फक्त त्या दिवसापासून घर एकाच पगारावर उभं असतं. प्रवाळांचा रंग, फैलाव, सगळं तसंच होतं. गेली होती ती तग धरायची ताकद, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

कॅनडाचे परिसंस्थातज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये हाच फरक मांडला होता. एखादी परिसंस्था किती स्थिर दिसते ही एक गोष्ट, आणि किती धक्के सोसून ती स्वतःसारखी राहते ही दुसरी. माझ्या मते आपण अजूनही पहिलीच मोजतो, कारण ती मोजायला सोपी आहे.

उथळ तळ्यांचं उदाहरण मला याहूनही बोलकं वाटतं. नितळ तळ्यात तळाशी वनस्पती असतात. त्या गाळ धरून ठेवतात आणि हिरवं शेवाळ खाणाऱ्या पिसवांएवढ्या जीवांना आसरा देतात. शेतांतून आणि सांडपाण्यातून फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खतच, येत राहतो, तरी तळं वर्षानुवर्षं नितळच दिसतं. मग एखाद्या वर्षी पाणी गढूळ होतं. उजेड तळापर्यंत पोचत नाही, वनस्पती मरतात, गाळ सुटा होतो, आणि तळ उकरणारे मासे तो आणखी घुसळतात. आता गढूळपणाच गढूळपणाला पोसतो. नेदरलँड्समधलं वेलुवेमेर हे सरोवर १९६०च्या दशकाच्या अखेरीस असं उलटलं. १९७९ पासून त्यात येणारा फॉस्फरस कमी करण्यात आला, पण पाणी नितळ व्हायला १९९०चं दशक उजाडलं. ज्या पातळीला ते बिघडलं, तिथवर मागे येऊन भागलं नाही. त्याच्याही बरंच खाली जावं लागलं. जायचा रस्ता उताराचा होता, यायचा चढाचा.

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं थोडक्यात सांगतो. कॉड जवळजवळ संपल्यामुळे जुलै १९९२ मध्ये कॅनडाने तिथली त्याची मासेमारी थांबवली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोनेक वर्षांची असेल असं तेव्हा वाटलं होतं. ती अधिकृतपणे उठली २०२४ मध्ये.

मग आधी कळतच नाही का? काही वेळा कळतं. आजारपण साधंच असतं, पण उठून उभं राहायला माणसाला दर खेपेस जास्त दिवस लागू लागले, की घरातली जाणती माणसं सावध होतात. परिसंस्थेतही लहान धक्क्यातून सावरायला वेळ लागू लागतो आणि चढउतार वाढतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर लेक नावाचं छोटं तळं आहे. तिथे शास्त्रज्ञांनी मोठे शिकारी मासे थोडेथोडे सोडून तळ्याची घडी मुद्दामच मोडली आणि रोजच्या रोज मोजमाप केलं. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की बदल पूर्ण होण्याच्या वर्षभराहून आधीच खुणा दिसत होत्या. अर्थात हे रोज मोजलेलं एक तळं. समुद्र असा कोण मोजतो?

कॅरिबियनमधले अर्चिन २०२२ मध्ये पुन्हा मोठ्या संख्येने मेले. १९८३चा रोगजंतू कधीच सापडला नव्हता. या वेळी वर्षभरातच गुन्हेगार हाती लागला, एक एकपेशीय सूक्ष्मजीव. बेलीझ या छोट्या देशाने मात्र त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्येच, पॅरटफिश आणि शेवाळ खाणारे इतर मासे पकडण्यावर बंदी घातली होती.

नमस्कार.