रत्नजडित फोन किती दिवस टिकतो?

मित्रहो, हिऱ्यांनी मढवलेल्या मोबाइलचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा येतो, म्हणून ते आधीच उरकून टाकतो. 2006 साली गोल्डविश या कंपनीचा 'ल मिल्याँ' 10 लाख युरोंना विकला गेला. 18 कॅरटचं पांढरं सोनं आणि त्यावर 120 कॅरट वजनाचे हिरे. मला मात्र बोलायचंय ते हातांबद्दल, ज्या हातांनी ही कामं केली.

व्हर्टूचं उदाहरण घ्या. नोकियाने 1998 मध्ये ही कंपनी काढली, फोन इंग्लंडात हाताने जोडले जात. त्यांच्या सिग्नेचर फोनची बटणं माणकाच्या बेअरिंगवर टेकलेली असत. यांत्रिक घड्याळातली चाकं माणकाच्या खड्यात फिरतात, कारण तो खडा कठीण असतो आणि घासून झिजत नाही. तीच युक्ती त्यांनी बटणाखाली आणली. पडद्यावर कृत्रिम नीलमण्याची काच. मोहस् मापावर तिचं काठिण्य 9, हिऱ्याचं 10. खिशातल्या किल्ल्यांनी तिच्यावर ओरखडाही उठत नाही. बटणाखालचं माणिक तर बाहेरून दिसतसुद्धा नाही, आणि म्हणूनच मला ते दर्शनी हिऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

सोन्याची अडचण वेगळी. शुद्ध सोनं मऊ, म्हणून 18 कॅरटमध्ये 75 टक्के सोनं आणि बाकी इतर धातू. शिवाय धातू रेडिओलहरी अडवतो. फोन चहूबाजूंनी सोन्यात बंद केला तर त्याला रेंजच मिळणार नाही. त्यामुळे अँटेनापुरती काच, सिरॅमिक किंवा प्लास्टिकची जागा सोडावीच लागते. हिरा बसवायचा तर धातूत खाच कोरायची, खडा तिच्यात टेकवायचा आणि बारीक नख्या त्याच्यावर वाकवायच्या. त्यासाठी कडेला पुरेशी जाडी हवी. डाग देताना, म्हणजे धातूचे तुकडे तापवून जोडताना, लागणारी आच फोनच्या आतल्या भागांना सोसत नाही, म्हणून कवच आधी घडवून मग यंत्र आत बसवायचं. बाजारातले पुष्कळसे 'सोन्याचे' फोन म्हणजे नेहमीच्याच फोनवर चढवलेला काही मायक्रॉनचा मुलामा. तो कडांना आधी उडतो.

एवढं सगळं करून आत काय असतं? काही वर्षांत दमणारी लिथियमची बॅटरी आणि बदलत्या नेटवर्कवर अवलंबून असलेली चिप. अमेरिकेत एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने 2017 च्या सुरुवातीला 2जी सेवा बंद केली. फक्त 2जीवर चालणारा फोन त्या नेटवर्कवर त्या दिवशी मुका झाला, मग तो प्लॅस्टिकचा असो की प्लॅटिनमचा. ॲपलने 2015 मध्ये 10,000 डॉलरपासून पुढे 18 कॅरट सोन्याचं घड्याळ विकलं. घड्याळासाठीची 2018 ची नवी सॉफ्टवेअर प्रणाली त्यावर चालली नाही. तीन वर्षं! शंभर वर्षांपूर्वीच्या यांत्रिक घड्याळाची झिजलेली अक्षदांडी आजही लेथवर नवी घडवता येते. चिप अशी कुणा कारागिराला घडवता येत नाही.

याचा मला मनापासून राग येतो. सोनं वितळवून परत मिळतं, हिरे काढून दुसरीकडे बसतात. घडणावळ मात्र कायमची जाते. वाट नाही असं नाही. कोंदण तेच ठेवून आतलं यंत्र बदलता आलं पाहिजे. आज दर मॉडेलला कॅमेऱ्याची जागा सरकते, बटणांची उंची बदलते, आणि जुनं कवच नव्या फोनला बसत नाही. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने खड्यांचं वजन विचारण्याआधी पुढच्या यंत्राचं माप लिहून मागावं, आणि ते मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नये.