रक्ताची बाटली आणि रसवंतीचा बर्फ

श्रोतेहो, नमस्कार.

ताप चार-पाच दिवस हटत नाही, थंडी वाजून येते, मग डॉक्टर ब्लड कल्चर करायला सांगतात, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून तो कोणता ते ओळखायची तपासणी. सिस्टर एका हातातून रक्त घेतात, मग दुसऱ्या हातातून. कॉटजवळची आत्या लगेच कुरकुरते, "आधीच पोरगी अशक्त, त्यात एवढं रक्त?"

आत्याबाई, मोठ्या माणसाच्या एका बाटलीला 8 ते 10 मिलीलिटर रक्त लागतं. चार बाटल्या धरा, 40 मिलीलिटर. अंगात पाचेक लिटर असतं. आणि एवढं लागतं, कारण आजारी माणसाच्याही एका मिलीलिटर रक्तात कधी एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. रक्त कमी घेतलं तर जंतू हाती लागत नाही. लहान मुलांचं मात्र थोडंच घेतात, त्यांची बाटलीही वेगळी.

दुसरं, रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचं. पुन्हा सांगते, आधी रक्त, मग औषध. (मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनानं दोन गोळ्या घेऊन येणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागले तर आजचा वेळ त्यातच जाईल.)

आता तो किस्सा. मी तेव्हा एका खासगी लॅबमध्ये होते. मे महिना, दुपारचे दोन, नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. काटोलकडचा एक तरुण घामाघूम होऊन आत आला आणि काउंटरवर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीतून पाणी गळत होतं. आत बर्फ, आणि बर्फात कल्चरच्या चार बाटल्या!

"मॅडम, ऊन कित्ती आहे! खराब होतीन म्हणून रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला. धा रुपये घेतले त्यानं."

पोरानं घरी दूध नासताना पाहिलेलं, त्याचं काय चुकलं? कल्चरचं रक्त फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काही नाजूक जंतू थंडीनं मरतात आणि मग रिपोर्ट खोटाच निर्मळ येतो. बाटली साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि शक्यतो दोन तासांत लॅबला पोचवायची. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीतही नको. (रसवंतीचा विषय निघालाच आहे तर, उसाच्या रसात बर्फ टाकणं मला मुळीच पसंत नाही. अर्ध्या पेल्याचे पैसे आपण पाण्याचे देतो.)

पण खरी गंमत पुढे. त्या चार बाटल्यांतल्या दोनच त्याच्या वडिलांच्या होत्या. बाकीच्या दोन शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या, "रस्ता एकच न मॅडम," म्हणून आणलेल्या. नावं शाईच्या पेनानं लिहिलेली, बर्फाच्या पाण्यात सगळी धुऊन गेली. निळे डाग तेवढे उरले. कोणती बाटली कोणाची?

मी दवाखान्यात फोन केला. दोघांचंही रक्त पुन्हा घ्यावं लागलं. पुढे सिस्टरनीच मला सांगितलं, सुई पाहताच म्हातारबुवा उठून बसले न म्हणाले, "काहून? पह्यलं रक्त का गोळा करून खाल्लं का बाप्पा?" सगळा वॉर्ड हसला. तोवर अँटिबायोटिक सुरू झालं होतं. दुसऱ्या रक्तात काहीच वाढलं नाही. म्हातारबुवा बरे होऊन घरी गेले, पण जंतू कोणता होता ते कळलंच नाही, न डॉक्टरांना जोराचं औषध अंदाजानंच पूर्ण करावं लागलं.

म्हणून नाव रक्त घेतल्यावर तिथेच, कॉटजवळ, पेशंटला विचारून लावायचं. आधी नाही, टेबलावर जाऊन नाही.

सिस्टर मंडळींनो, बाकीचं तुम्हाला पाठ आहे. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटनं जागा 30 सेकंद घासा, तेवढाच वेळ वाळू द्या. वाळू द्या, फुंकर नको, पुसलेल्या शिरेवर पुन्हा बोट नको. बाटलीच्या रबरी बुचालाही स्पिरिट. नाहीतर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत वाढतात न पेशंटला नको ते औषध सुरू होतं. दोन जागांहून रक्त घेतात ते यासाठीही. जंतू एकाच जागेच्या रक्तात वाढला तर कातडीचा संशय घेता येतो.

आणि सुईला टोपण परत लावायचं नाही. लावायचंच नाही. ती सरळ पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. टोचलीच तर पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि लगेच इन्चार्जला सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम. लाजून घरी जाऊ नका.

नातेवाईकांनो, सुई हातात असलेल्या सिस्टरला तेवढी दोन मिनिटं काही विचारू नका. सलाईन, कूलर, डब्याचा पास, सगळं नंतर. नमस्कार.