दारातून न निघालेलं चित्र

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरात एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएट दिलेलं कुणीतरी असणारच. स्मरणचित्रातला बाजार, संकल्पचित्रातली ती वेल, आणि शेजारच्या मुलाच्या पाण्यात बुडालेला आपला ब्रश. मी ठाण्यातल्या एका शाळेत 31 वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली दहा-बारा मुलं पुढे कला महाविद्यालयात गेली. आज मला बोलायचंय ते त्यांच्या डिप्लोमानंतरच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल. कॉलेजातल्या नव्हे, कॉलेज संपल्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल.

कॉलेज सुटलं की त्याच दिवशी ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, जाते, मोठ्या खिडकीचा उजेड जातो, मागे उभं राहून "हा हात लांब झालाय" म्हणणारे सर जातात. घरचे म्हणतात, झालं ना शिकून, आता नोकरी बघ. मग कुणी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतं, कुणी लग्नाच्या हॉलबाहेर रांगोळ्या काढतं, कुणी भिंती रंगवतं. भिंतींवरून आठवलं, नवी मुंबईत हल्ली भिंतीभिंतीवर इतके फ्लेमिंगो झालेत की खाडीतले खरे पक्षी बुजतील. एखादा बगळा काढा की! तोही इथलाच आहे. असो.

तर कळव्याची एक मुलगी. माझी विद्यार्थिनी. चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं चार. डिप्लोमा होऊन वर्ष झालेलं. हिने त्या खोलीत चित्र काढलं आठ फूट बाय सहा फूट! स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या, पट्ट्या सुट्या आणल्या, सुताराने खोलीतच ठोकल्या, कॅनव्हास खोलीतच ताणला. आईचं लोखंडी कपाट सरकवून ते भिंतीला लावलं. चार महिने घरच्यांनी त्याच्यासमोर बसून जेवण केलं. वडील म्हणायचे, "टीव्हीपेक्षा मोठं आहे, पण बदलत नाही."

आणि ते चित्र मुंबईतल्या एका प्रदर्शनात निवडलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचवायचं. खाली छोटा हत्ती येऊन उभा राहिला, चित्र उचललं आणि लक्षात आलं की ते दारातून निघत नाही. उभं केलं तर चौकटीला वर अडतं, आडवं घेतलं तर बाहेरचा पॅसेज इतका अरुंद की वळत नाही. सगळी चाळ जमली. एकजण म्हणाला चौकट काढू. एक काका म्हणाले खिडकीचे गज कापू, ते गज कापायला निघालेसुद्धा! तिचे वडील हळूच म्हणाले, "सतरंजीसारखी घडी नाही का होणार?" मुलगी रडायला लागली.

तिने मला फोन केला. आता मी आयुष्यभर कागदावर जलरंग केलेला माणूस. मला काय ठाऊक? मी वाशीला राहणाऱ्या आमच्या एका चित्रकार मित्राला फोन लावला. वय तेव्हा 68. त्यांनी "छान", "अभिनंदन" काही नाही, पहिला प्रश्न विचारला, "तैलरंग की ॲक्रिलिक?" म्हटलं ॲक्रिलिक. "मग वाचलात, ते लवकर वाळतं. येतो."

ट्रान्सहार्बरची गाडी पकडून रात्री साडेआठला माणूस कळव्यात हजर. हातात पिशवी, पिशवीत पक्कड, पेचकस आणि बटर पेपरचा गुंडाळा. आल्याआल्या चहा नाकारला आणि विचारलं, "इमारतीचं प्लंबिंग कुठे चाललंय?" मागच्या गल्लीतून सहा इंच जाडीचा पीव्हीसी पाइप आला. मग त्यांनी खाली बसून एकेक स्टेपल उपटली. मोजून सांगतो, दोनशेच्या वर. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने नंबर टाकला. कॅनव्हास सुटा झाल्यावर पोरांनी तो गुंडाळायला घेतला. आपण साडी गुंडाळू तसा, चांगली बाजू आत. आणि म्हातारा ओरडला, "रंग बाहेर!"

रंग बाहेर. श्रोतेहो, लिहून घ्या, घरात चित्रकार असेल तर उपयोगी पडेल. चित्र गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. आत घेतली तर रंगाचा थर दाबला जातो, त्याला चुण्या पडतात, तडे जातात. बाहेर असला तर तो थोडा ताणला जातो आणि उलगडल्यावर सपाट बसतो. वर बटर पेपर, आणि नळी जेवढी जाड तेवढं चांगलं. मुलगी पाच वर्षं कॉलेजात होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 31 वर्षं शिकवून मलाही माहीत नव्हतं, हे लाज न बाळगता सांगतो.

रात्री एकला ते चित्र नळीवर बसून जिना उतरलं. सकाळी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ते पुन्हा ताणायलाही तेच गेले.

खरं काम त्याच्यानंतर सुरू झालं. पुढची दोन वर्षं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती वाशीला जायची. चित्राच्या मागे नाव, वर्ष, माप लिही. फोटो भर उन्हात काढू नकोस, सावलीत काढ. गॅलरीत चित्र ठेवलंस की लेखी पावती घे. किंमत मापावर ठरव, एखादं आवडतं म्हणून दुप्पट सांगू नकोस. असलं सगळं. मार्गदर्शन म्हणतात ते हेच; हार-तुऱ्यांचा व्याख्यानाचा कार्यक्रम नव्हे.

थोरामोठ्यांचंही असंच झालंय. 1948 साली काश्मीरमध्ये चित्रकार सय्यद हैदर रझांची चित्रं फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी पाहिली आणि तोंडावर सांगितलं की चित्रात बांधणी कमी आहे, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा. रझा फ्रेंच शिकले आणि 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. आधी कानउघाडणी, मग पैसा. पुढे 2001 साली त्यांनी रझा फाउंडेशन काढलं, तेही तरुणांना हात द्यायला. आणि जागेचं म्हणाल तर मुंबईत वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, हुसेन या चित्रकारांना काम करायला खोल्या मिळाल्या होत्या. आज ठाण्यात तशी एक इमारत दाखवा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. त्यापुढे 25 ते 40 वयाला ज्युनियर फेलोशिप, महिना 10,000, तीही दोन वर्षं. चित्र, शिल्प दोन्हीला चालतं. पुन्हा सांगतो, 18 ते 25, पाच हजार. 25 ते 40, दहा हजार. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. रक्कम बघून नाक मुरडू नका. त्या पैशात निदान आखणीच्या सीझनला नाही म्हणता येतं. एक तक्रार मात्र आहे. खासगी फेलोशिपवाले हमखास इंग्रजीत दोन पानं लिहून मागतात. मराठीत लिहू दिलं तर काय बिघडतं? दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी आपण भांडतो, आणि पाट्या रंगवणाऱ्या पोरांना इंग्रजी निबंध!

आमच्या कळव्याच्या मुलीला पुढे फेलोशिप मिळाली. तिने आणि दोन मैत्रिणींनी मिळून वागळे इस्टेटमध्ये अर्धा गाळा भाड्याने घेतला. गाळा बघायला मीही गेलो होतो. मालक भाडं, डिपॉझिट, लाइटबिल सांगत होता आणि ही टेप घेऊन शटरपाशी उभी.

मी विचारलं, "किती?"

"रुंदी दहा फूट, सर. उंची नऊ."